बाळकुमच्या खाडीला चौपाटी का नाही?

ठाण्याच्या उत्तरेला, साष्टी बेटाच्या ईशान्य कोपऱ्याजवळ बाळकुम हे गाव आहे. आता ते ठाणे शहराचाच एक भाग झाले आहे. गावाच्या कडेने उल्हास नदीची खाडी जाते आणि पलीकडच्या काठावर भिवंडी तालुक्यातील कशेळी दिसते. येथे दिवसातून दोनदा भरती येते, दोनदा ओहोटी होते. पाणी खारट आहे. म्हणजे समुद्र दाराशीच आहे असे म्हणायला हरकत नाही. तरीही येथील मुलांना समुद्र पाहायचा असेल तर ती गिरगावच्या किंवा जुहूच्या चौपाटीवर जातात. खाडीकाठी कोणी वाळूत किल्ले करत नाही, कारण ओहोटीनंतर तेथे वाळू दिसतच नाही. दिसतो तो गुडघाभर चिखल आणि तिवरांची झाडे.

असे का, हा प्रश्न भूगोलाचा आहे. पण समुद्रकिनाऱ्यावर केवळ हिंडण्यासाठी जाण्याची पद्धत कधी पडली आणि किनारा नेमका कोणाचा, हे प्रश्न इतिहासाचे आहेत. आणि चौपाटीवर गेलेला विद्यार्थी सुखरूप परत यावा यासाठी शिक्षकाला काय माहीत असले पाहिजे, हा प्रश्न विज्ञानाचा आहे. तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून त्यांचा एकत्र विचार करू.

खाडीतून भूमध्य समुद्राकडे

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने तांबडा समुद्र आणि हिंदी महासागरातील बंदरांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. तीत ‘कल्लिएना’ या बंदराचा उल्लेख येतो. हेच आपले कल्याण. तेथे उतरणारी ग्रीक जहाजे त्या काळी पहाऱ्यात भडोचला नेली जात, असेही लेखक नोंदवतो. किनाऱ्यावरील सत्तास्पर्धेचा तो परिणाम होता.

हा व्यापार कोठून कोठे चाले ते नकाशावर पाहण्यासारखे आहे. भूमध्य समुद्राकाठच्या अलेक्झांड्रिया शहरातून माल नाईल नदीने वर जाई. तेथून उंटांच्या पाठीवर तो वाळवंट ओलांडून तांबड्या समुद्रावरील बंदरांत पोचे आणि मग नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या जोरावर जहाजे भारताच्या पश्चिम किनाऱ्याला लागत. कल्याण समुद्रापासून बरेच आत आहे. तेथपर्यंत गलबते जात ती भरतीच्या पाण्याबरोबर, याच खाड्यांमधून. पुढे तेराव्या शतकात मार्को पोलोच्या वृत्तांतात ठाण्याचे नाव येते. खाड्यांत गाळ साचत गेला, हे या बंदरांच्या उतरत्या कळेचे एक कारण मानले जाते.

या सगळ्या काळात समुद्रकिनारा हे कामाचे ठिकाण होते. जहाज लागायचे, जाळी वाळायची, मीठ पिकायचे. आपल्याकडे समुद्राला देव मानले गेले. पर्वकाळ सोडून एरवी समुद्रस्नान करू नये असा जुना संकेत होता. नारळी पौर्णिमेला त्याची पूजा करून कोळी बांधव होड्या पाण्यात लोटत. रोमन श्रीमंतांनी नेपल्सजवळ बाइये येथे समुद्राकाठी विलासी घरे बांधली होती हे खरे, पण सर्वसामान्य माणसाने सुटीच्या दिवशी सहज वाळूत जाऊन बसावे, ही प्रथा जगात कोठेच फार जुनी नाही.

हवा खाण्याचे शास्त्र आणि आगगाडी

अठराव्या शतकाच्या मध्यास रिचर्ड रसेल या इंग्रज डॉक्टराने समुद्राच्या पाण्याच्या औषधी उपयोगावर ग्रंथ लिहिला. ग्रंथींच्या विकारावर समुद्रस्नान आणि समुद्राचे पाणी पिणे असा त्याचा उपचार होता. तो आज शास्त्रीय कसोटीवर टिकणारा नाही, पण त्या काळी श्रीमंत रोगी इंग्लंडमधील ब्रायटनच्या किनाऱ्यावर जाऊ लागले. थंडीच्या दिवसांत हीच मंडळी उबदार भूमध्य किनाऱ्यावर, फ्रान्समधील नीस येथे मुक्काम करू लागली. तेथे १८२० च्या दशकात इंग्रज रहिवाशांच्या पैशातून समुद्राकाठी फिरण्याचा रस्ता तयार झाला. आजही त्याला ‘इंग्रजांचा रस्ता’ याच अर्थाचे नाव आहे. गंमत अशी की नीसच्या किनाऱ्यावर वाळू नाही, गोटे आहेत. तरीही लोक आले.

औषधाची करमणूक झाली ती आगगाडीमुळे. १८४१ मध्ये लंडन आणि ब्रायटन लोहमार्गाने जोडले गेले आणि कारखान्यांतील कामगारांनाही एका दिवसात समुद्र पाहून घरी येणे शक्य झाले. आपल्याकडे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली आणि पुढच्याच वर्षी ती कल्याणपर्यंत गेली. ठाणे-कल्याणच्या लोकांना मुंबईचा समुद्र जवळ आला तो असा.

मुंबईत मात्र लोहमार्गाने समुद्र जवळ आणला तसा काही ठिकाणी हिरावूनही घेतला. १८६४-६५ च्या सुमारास, अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचा भाव कडाडला असताना, बॅकबे बुजवून जमीन तयार करण्यासाठी कंपनी निघाली आणि तिच्या शेअरांचा भाव गगनाला भिडला. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि सट्टा कोसळला. परंतु त्या काळी भरणी केलेल्या किनारपट्टीवरून बी. बी. अँड सी. आय. रेल्वेची लाइन चर्चगेटपर्यंत गेली. विसाव्या शतकात पुन्हा भरणी होऊन मरीन ड्राइव्हचा कठडा बांधला गेला. जुन्या बॅकबेच्या वक्र किनाऱ्यापैकी वाळूचा ठळक तुकडा उरला तो गिरगाव चौपाटीचा.

‘चौपाटी’ या नावाची व्युत्पत्ती ‘चार पाट’, म्हणजे पाण्याचे चार प्रवाह अशी सांगितली जाते. पालघर जिल्ह्यातील ‘सातपाटी’ हे गावाचे नाव याच धर्तीचे आहे. पुढे या शब्दाचा अर्थ कसा सरकत गेला ते पाहा. कोल्हापूरला रंकाळा तलावाची चौपाटी आहे, पुण्यात सारसबागेची चौपाटी आहे. तेथे समुद्र नाही, भेळेच्या गाड्या आहेत. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर गायमुखला खाडीकाठी फिरण्याची जागा झाली, तिलाही चौपाटीच म्हणतात. पाण्याच्या प्रवाहांचा शब्द लोक एकत्र जमण्याच्या जागेला लागला.

गिरगावचा इतिहास पाहिला तर हे योग्यच वाटते. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचे निधन झाले. त्यांचा अंत्यविधी याच वाळूत झाला. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात येथे समुद्राचे पाणी आटवून मीठ केले गेले. दरवर्षी अनंत चतुर्दशीला लक्षावधी लोक येथे येतात. तिकीट नाही, दरवाजा नाही, जात-पात किंवा मिळकत विचारणारा कोणी नाही. दाटीवाटीच्या शहरात एवढी मोकळी जागा राहिली ती कोणाच्या उदारपणामुळे नव्हे. रोज दोनदा पाण्याखाली जाणाऱ्या जमिनीवर इमारत बांधता येत नाही, हे तिचे मुख्य संरक्षण होते.

वाळू कोठे, चिखल कोठे?

आता बाळकुमच्या प्रश्नाकडे वळू. नदी वाहताना दगडगोटे, रेती आणि बारीक माती असा सर्व माल घेऊन येते. प्रवाहाचा वेग कमी होत जातो तसा जड माल आधी खाली बसतो. मातीचे अतिसूक्ष्म कण मात्र गोड्या पाण्यात तरंगत राहतात, कारण त्यांच्या पृष्ठभागावर सारखाच विद्युत्भार असतो आणि ते एकमेकांना दूर लोटतात. खाडीत खारे पाणी मिळाले की क्षारांमुळे हे अपसारण कमी होते. कण एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात आणि शांत पाण्यात ते तळाशी बसतात. तिवरांची मुळे हा गाळ धरून ठेवतात. बाळकुमच्या काठाचा चिखल तयार होतो तो असा.

उघड्या समुद्रावर परिस्थिती उलट असते. तेथे लाटा सतत किनारा घुसळत असतात. बारीक चिखल उचलून त्या आत नेतात आणि जड वाळू काठावर ठेवतात. थोडक्यात, वाळूचा किनारा हा लाटांनी चाळलेला किनारा आहे. खाडीत इतक्या मोठ्या लाटा नाहीत, म्हणून चाळणीही नाही.

आपल्या वाळूचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. सह्याद्री बेसाल्ट खडकाचा आहे आणि बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ जवळजवळ नसते. ग्रॅनाइटच्या प्रदेशात खडक झिजला तरी क्वार्ट्झचे कठीण कण वाळू म्हणून टिकतात. बेसाल्टची झीज होऊन मुख्यतः चिकणमाती बनते. त्यामुळे आपल्या अनेक किनाऱ्यांवरील वाळूत काळसर खडकाच्या कणांबरोबर शंखशिंपल्यांचा चुरा मोठ्या प्रमाणात असतो. हे वर्गात सहज तपासता येते. चौपाटीवरून आणलेल्या चिमूटभर वाळूवर लिंबाचा रस टाकावा. शिंपल्यांतील कॅल्शियम कार्बोनेटमुळे कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतील. बांधकामाच्या नदीतील रेतीवर हाच प्रयोग करावा आणि फरक पाहावा.

खाडीत रेती मुळीच नाही असेही नाही. ती तळाशी, प्रवाहाच्या पात्रात असते. मुंब्र्याचे आणि डोंबिवलीतील मोठागावचे रेतीबंदर ही नावेच त्याची साक्ष देतात. पूर्वी होडीतून बुडी मारून बादलीने रेती काढत. त्याला डुबी म्हणतात. पुढे सक्शन पंप आले आणि उपसा अनेक पटींनी वाढला. परवानगीशिवाय होणाऱ्या उपशामुळे काठ ढासळतात, पुलांच्या पायांना धोका पोचतो, माशांची वाढीची ठिकाणे नष्ट होतात. छोट्या क्षेत्रातील रेतीउपशालाही पर्यावरणविषयक मंजुरी आवश्यक आहे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दिला. आपल्या घराच्या भिंतीतील रेती कोठून आली, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी घरी विचारून पाहावा.

पाच मीटर आणि तीस सेंटिमीटर

भूमध्य समुद्राकाठचे बार्सिलोना हे शहर आज त्याच्या पुळणींसाठी प्रसिद्ध आहे. तेथील बार्सेलोनेता ही जुनी कोळ्यांची आणि खलाशांची वस्ती अठराव्या शतकात वसली. पुढे कारखाने आणि लोहमार्ग यांनी शहर आणि समुद्र यांच्यामध्ये भिंतच उभी केली. १९९२ च्या ऑलिंपिक सामन्यांच्या निमित्ताने ती हलवण्यात आली, वाळू आणून टाकण्यात आली आणि शहराला किनारा परत मिळाला. मात्र ही वाळू वादळात वाहून जाते. जानेवारी २०२० च्या वादळात तिचे मोठे नुकसान झाले.

या किनाऱ्यावर लोक पाण्यापासून चार पावलांवर चादर अंथरून तासन्तास पडून राहतात. गिरगावला असे केले तर चादर भिजेल. कारण भरतीतील फरक. मुंबईला उधाणाच्या वेळी भरती आणि ओहोटी यांच्या पातळ्यांत सुमारे ५ मीटरचे अंतर पडते. बार्सिलोनाला ते २० ते ३० सेंटिमीटरच असते. भूमध्य समुद्र महासागराला जोडला आहे तो जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीने, आणि ती सर्वांत अरुंद जागी जेमतेम १४ किलोमीटर रुंद आहे. सहा तासांत एवढ्या फटीतून अटलांटिकचे पुरेसे पाणी आत शिरू शकत नाही. उलट मुंबईसमोर समुद्राचा तळ दूरवर उथळ असल्याने आत येणारी भरती चढत जाते. खंबातच्या आखातात ती आणखी वाढते.

आता हे गणित फळ्यावर मांडू. समजा, पुळणीचा उतार ५० मीटरला १ मीटर असा आहे. पाणी ५ मीटर चढले तर ते आडव्या अंतरात ५ × ५० = २५० मीटर आत येईल. भूमध्य किनाऱ्यावर त्याच उतारावर ३० सेंटिमीटरची भरती फक्त १५ मीटर आत येईल.

पण पाणी सहाही तास सारख्या वेगाने चढत नाही. चौपाटीवरील उभा पाळणा आठवावा. अगदी वर आणि अगदी खाली असताना त्याची बैठक उंचीत फारशी बदलत नाही, मध्यावर ती झपाट्याने वर किंवा खाली जाते. भरतीचेही तसेच. नावाडी लोकांचा एक ढोबळ नियम असा आहे की एकूण चढीचे बारा भाग केले, तर सहा तासांत अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ इतके भाग पाणी चढते. म्हणजे तिसऱ्या तासात ५ मीटरच्या भरतीचे ३/१२, म्हणजे १.२५ मीटर. आपल्या उतारावर ते सुमारे ६२ मीटर आत येते. मिनिटाला एक मीटर!

एवढ्या वेगाने चालत मागे येणे अवघड नाही, असे कोणी म्हणेल. किनारा कागदावर आखल्यासारखा सपाट असता तर ते बरोबर होते. प्रत्यक्षात वाळूत उंचवटे असतात आणि त्यांच्यामध्ये पाण्याचे पाट असतात. भरतीचे पाणी आधी या पाटांतून शिरते. उंचवट्यावर उभ्या असलेल्या मुलांच्या पायाशी अजून कोरडे असते आणि त्यांच्या पाठीमागे कंबरभर पाणी झालेले असते. ओहोटीच्या वेळी हेच पाट पाण्याला वेगाने समुद्राकडे ओढतात. पोहता येणारा माणूसही त्या ओढीविरुद्ध दमून जातो. ‘चौपाटी’ या शब्दातील पाट असे अजून जिवंत आहेत.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. समुद्र त्या दिवशी खवळलेला होता असे नाही. शांत दिसणारे पाणीच घातक ठरते. सहलीच्या परवानगीच्या कागदांत बसचा क्रमांक असतो, पालकांची सही असते. त्यांत त्या दिवशीच्या भरती-ओहोटीची वेळही असली पाहिजे.

तिथीची पाऊणपट

ही वेळ काढण्यासाठी कोकणात एक जुना हिशोब आहे. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला ४ × ३/४ = ३, म्हणजे सुमारे तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. शुक्ल आणि वद्य दोन्ही पक्षांना हाच नियम. भरतीच्या वेळेत सहा तास मिळवले की ओहोटी.

या नियमामागील शास्त्र सोपे आहे. चंद्र रोज आकाशात सुमारे ५० मिनिटे उशिरा येतो, म्हणून भरतीही तेवढी लांबते. पाऊणपट म्हणजे ४५ मिनिटे. त्यामुळे पक्षाच्या अखेरीस हिशोब थोडा चुकतो. पौर्णिमेला १५ × ३/४ = ११.२५, म्हणजे सव्वाअकरा येतात, आणि मुंबईला भरती साधारण बाराच्या सुमारास असते. पाऊणऐवजी ४/५ ने गुणले तर काय येते ते विद्यार्थ्यांनी करून पाहावे आणि वर्तमानपत्रातील वेळेशी ताडून पाहावे. सहलीसाठी मात्र छापील तक्ताच वापरावा आणि स्थानिक कोळ्यांचा सल्ला ऐकावा. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असते, अष्टमीच्या सुमारास भांग. सहल भांगाच्या दिवसांत नेली तर पाण्याची चढउतार बरीच कमी असते, हे या गणिताचे सर्वांत उपयोगी फळ आहे.

किनारा कोणाचा?

सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने रोमन कायद्याचे संकलन झाले. हवा, वाहते पाणी, समुद्र आणि समुद्राचा किनारा या गोष्टी सर्वांच्या सामाईक आहेत, असे तत्त्व त्यात आहे. किनारा कोठवर? तर हिवाळ्यातील सर्वांत मोठी लाट जेथे पोचते तेथवर. ही व्याख्या भूमध्य समुद्राची आहे हे लगेच कळते. जेथे भरती जवळजवळ नाही, तेथे लाटेनेच मोजायला हवे. स्पेनने १९८८ च्या कायद्याने आपला किनारा पुन्हा सार्वजनिक मालकीचा ठरवला.

आपल्याकडे १९ फेब्रुवारी १९९१ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने किनारा नियमन क्षेत्र ठरवले. त्याचे माप भरतीरेषेपासून सुरू होते. पुढे २०११ आणि २०१९ मध्ये नव्या अधिसूचना आल्या, अंतरे बदलली, पण भरतीरेषेचे महत्त्व कायम राहिले. खाड्यांनाही हे नियम लागू आहेत, म्हणजे बाळकुमच्या काठालाही. भरतीरेषा नकाशावर कोठे आखली जाते, यावर तिवरांचे, मच्छीमारांचे आणि इमारतींचेही भवितव्य ठरते. मार्च २०२४ पासून टप्प्याटप्प्याने खुल्या झालेल्या मुंबईच्या सागरी किनारा मार्गाचे बोगदे गिरगाव चौपाटीजवळ निघतात. किनाऱ्यावरील जागेची मागणी कमी होणार नाही.

बाळकुम परिसरातील शाळांना येथे एक चांगला उपक्रम घेता येईल. खाडीच्या पाण्यात न उतरता, काठावरून किंवा पुलावरून दिसणाऱ्या एखाद्या खांबावरील ओल्या खुणेची पंधरा दिवस नोंद ठेवावी. तिथी, वेळ आणि पाण्याची अंदाजे उंची एवढ्या तीन रकान्यांची वही पुरे. भरती मुंबईच्या तक्त्यातील वेळेपेक्षा किती उशिरा पोचते, उधाण आणि भांग यांत किती फरक पडतो, हे त्यातून कळेल. पाणी सर्वांत वर कोठवर आले ती खूण मुलांनी स्वतः पाहिलेली असेल. पुढे कधी खाडीकाठच्या जमिनीचा नकाशा त्यांच्यासमोर आला, तर त्यावरील भरतीरेषा बरोबर आहे की नाही हे ती विचारू शकतील.